भात निसवायचं कधी, हे कोण ठरवतं?



दसरा उलटून आठवडा झाला होता. रायगड जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी पाहुणा म्हणून उतरलो होतो, आणि नेमकं त्याच वेळी त्या घरात दाजी-मेव्हण्यांचं भांडण पेटलेलं. भांडण बियाण्यावरून. यजमानांनी गरव्या भाताचं बी बायकोच्या भावाकडून आणलं होतं. सगळं शेत निसवलं, लोंब्या बाहेर पडून वाकायला लागल्या. पण रस्त्याकडचा दीड-दोन गुंठ्यांचा तुकडा नुसता हिरवागार, पोटरीचाही पत्ता नाही. "बियाण्यात भेसळ घातली त्याने," हे यजमानांचं म्हणणं. मेव्हणाही तापट. दोन्ही घरांचं जाणं-येणं बंद व्हायची वेळ आली होती, आणि मधल्या मधे त्या माउलीची काय अवस्था झाली असेल ते सांगायला नको.

संध्याकाळी मी बांधावर जाऊन उभा राहिलो. हिरवा राहिलेला तुकडा वेडावाकडा नव्हता, चांगला अर्धवर्तुळाकार होता. कंपास धरून आखावा तसा. आणि त्या अर्धवर्तुळाच्या मधोमध, रस्त्याच्या कडेला, विजेच्या दिव्याचा नवा खांब होता. बांधावर एक जुना फणस होता. त्याच्या बुंध्याची सावली दिव्यामुळे जिथे पडत होती, तेवढाच एक पट्टा त्या हिरव्या तुकड्यातही निसवलेला होता! आता भेसळीचं बी काही खांबाभोवती वर्तुळ धरून उगवत नाही, आणि फणसाची सावली बघून तर मुळीच उगवत नाही.

यजमानांना हे पटलं. पण लगेच त्यांनी जो प्रश्न विचारला, तो कोणाही शास्त्रज्ञाला शोभला असता. म्हणाले, "दिवा तर पानांवर पडतो. लोंबी तयार होते ती खाली, बुडाशी, पानांच्या आवरणात. तिथे अंधारच असतो. मग तिला कसं कळलं की बाहेर दिवा आहे?"

या प्रश्नाचं पुरतं उत्तर मिळायला शास्त्राला जवळजवळ नव्वद वर्षं लागली. आज ते मी तुम्हाला सांगणार आहे.

सुरुवात अमेरिकेत झाली. १९२० साली गार्नर आणि ॲलर्ड या दोघा संशोधकांनी दाखवून दिलं की काही झाडं फुलावर येतात ती थंडी-ऊन बघून नव्हे, दिवसाची लांबी बघून. त्यांच्या तंबाखूची एक जात उन्हाळाभर माणसापेक्षा उंच वाढे, पण फूल धरत नसे. तिला रोज संध्याकाळी लवकर अंधाऱ्या खोलीत नेऊन ठेवलं, तशी ती भर उन्हाळ्यात फुलली. पुढे १९३८ साली हॅम्नर आणि बॉनर यांनी आपल्या पडीक रानात उगवणाऱ्या शंकेश्वरावर प्रयोग केले. तेच ते, ज्याची काटेरी फळं धोतराला चिकटतात. त्यांना दिसलं की झाड दिवस मोजत नाही, रात्र मोजतं. शंकेश्वराला फुलायला सलग साडेआठ तासांच्या आसपास अंधार लागतो. त्या अंधाराच्या मध्यावर थोडा वेळ जरी दिवा लावला, तरी रात्र मोडली, आणि फूल गेलं. म्हणजे बारा तासांची रात्र मधोमध मोडली की झाडाच्या हिशेबी त्या दोन लहान रात्री होतात.

भात हे याच जातकुळीचं. लांब रात्र झाली की निसवणारं. आपल्या कोकणात जूनमधला सगळ्यात मोठा दिवस तेरा तासांच्या थोडा वर असतो आणि डिसेंबरातला सगळ्यात लहान दिवस अकरा तासांच्या थोडा वर. फरक केवळ दोन तासांचा. पण गरव्या भाताला तेवढा पुष्कळ होतो. जपानातल्या २०१० सालच्या प्रयोगांत असं दिसलं, की दिवसाच्या लांबीतला अर्ध्या तासाचा फरकही भाताचं पान ओळखतं. घड्याळ नसलेल्या आपल्या आज्याला हे जमलं नसतं.

आता यजमानांच्या प्रश्नाकडे येऊ. उजेड पाहतं ते पान, आणि लोंबी धरतो तो शेंडा. भाताचा वाढीचा शेंडा बुडाशी लपलेला असतो, तरी त्याला आपण शेंडाच म्हणू. या दोघांत निरोप कोण नेतं? १९३७ च्या सुमाराला रशियातल्या चायलाख्यान यांनी शेवंतीवर प्रयोग केले. पानांना लांब रात्र दिली आणि शेंड्याला दिली नाही, तरी शेवंती फुलली. उलट केलं तर फुलली नाही. यावरून त्यांनी तर्क केला की पानात काहीतरी पदार्थ तयार होतो, तो शेंड्याकडे जातो आणि फूल धरायला लावतो. त्यांनी त्याला 'फ्लोरिजेन' असं नाव दिलं, म्हणजे फूल घडवणारा. नाव झालं, पदार्थ सापडेना. पुढची सत्तर वर्षं भल्याभल्यांनी पानं कुटली, रस गाळला, हाती काही आलं नाही. काही जण तर म्हणू लागले की असं काही नसेलच.

ते सापडलं २००७ साली, आणि सापडलं ते आपल्या भातातच. जपानातल्या नारा प्रांतात को शिमामोतो यांच्या प्रयोगशाळेत. (त्याच वर्षी जर्मनीत मोहरीच्या कुळातल्या एका लहानशा रोपात त्याचंच भावंड सापडलं.) तो पदार्थ म्हणजे एक लहानसं प्रथिन. इंग्रजी अक्षरांत त्याचं नाव एचडी-३-अ. 'एचडी' म्हणजे हेडिंग डेट, निसवण्याची तारीख. आपण नुसतं '३-अ' म्हणू. शाळेतल्या वर्गासारखं वाटलं तरी हरकत नाही. शिमामोतोंच्या मंडळींनी या ३-अ ला एका चमकणाऱ्या हिरव्या प्रथिनाचं शेपूट जोडलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. पानात तयार झालेलं ते प्रथिन अन्नरसाच्या वाहिन्यांतून उतरत थेट शेंड्यात पोहोचलेलं त्यांना दिसलं.

इथे जरा थांबून जनुक म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं हवेत राहील. गावच्या तलाठ्याचं दप्तर डोळ्यांसमोर आणा. सगळ्या गावाच्या जमिनींची नोंद त्यात असते, पण दप्तर कोणी घरी नेत नाही. ज्याला गरज पडते तो आपल्या गटाचा उतारा काढून घेतो आणि त्यावर पुढचं काम होतं. पेशीचंही तसंच आहे. भाताच्या प्रत्येक पेशीत, मुळाच्या असो की पानाच्या, सुमारे पस्तीस ते चाळीस हजार जनुकांचं दप्तर असतं. सगळीकडे तेच दप्तर. पण मुळाची पेशी वेगळे उतारे काढते, पानाची वेगळे, आणि लोंबी धरणारा शेंडा तिसरेच. उताऱ्यावरून प्रथिन बनतं आणि प्रथिनं कामं करतात. तेव्हा झाडाच्या आयुष्यातला खरा प्रश्न हा, की कोणता उतारा कधी निघायचा आणि तो काढायला परवानगी कोणाची?

लोकांना वाटलं होतं की ३-अ शेंड्यात पोहोचलं की स्वतःच दप्तर उघडून लोंबीचा उतारा काढत असेल. पण तसं नाही! ३-अ ला जनुकाला नीट हातच लावता येत नाही. मग हे काम होतं कसं?

याचं उत्तर त्याच प्रयोगशाळेने २०११ साली दिलं. तुमच्या सोसायटीच्या खात्यातून पैसे काढायचे असले तर एकट्या चेअरमनच्या सहीने निघत नाहीत. सेक्रेटरीचीही सही लागते, आणि चेकबुक असतं तिसऱ्याच्या कपाटात. शेंड्यातल्या पेशीत असंच तिघांचं काम आहे. पहिला आपला ३-अ, पानाकडून निरोप घेऊन आलेला. दुसऱ्याचं नाव एफडी-१. हा पेशीच्या केंद्रकात बसलेला असतो, त्याला जनुकाची नेमकी जागा ठाऊक असते आणि ती पकडताही येते. पण निरोप आल्याशिवाय त्याचं काम पुढे सरकत नाही. आणि तिसरा मध्यस्थ. त्याचं नाव मोठं विचित्र आहे, १४-३-३. १९६७ साली गाईबैलांच्या मेंदूतून प्रथिनं वेगळी करताना ते ज्या भागात आणि ज्या जागी सापडलं, त्याचे हे आकडे. तेच प्रथिन थोड्याफार फरकाने तुमच्या-माझ्यात आहे, बैलात आहे आणि भातातही आहे. लग्न जुळवणाऱ्या माणसासारखं त्याचं काम. स्वतः संसार करायचा नाही, दुसऱ्यांची गाठ घालून द्यायची.

३-अ शेंड्याच्या पेशीत शिरलं की केंद्रकाबाहेरच त्याला हा १४-३-३ भेटतो. दोघे मिळून केंद्रकात जातात. तिथे एफडी-१ असतो. पण त्याच्या शेपटावर फॉस्फेटचा शिक्का मारलेला असेल तरच १४-३-३ त्याला ओळखतो. शिक्का नसेल तर ओळख नाही. ओळख पटली की तिघांची मोट बांधली जाते. ती नुसती तिघांची नसते, जोडीजोडीने असते. दोन ३-अ, दोन १४-३-३, दोन एफडी-१, असे सहा जण. संशोधकांनी या सहा जणांच्या मोटेचे स्फटिक बनवले आणि क्ष-किरणांनी तिची घडण पाहिली, त्यामुळे ही कल्पना नाही, मोजून काढलेली गोष्ट आहे. ही मोट मॅड्स-१५ नावाच्या जनुकाच्या तोंडाशी जाऊन बसते, उतारा निघू लागतो, आणि पानं काढत असलेला शेंडा पानं थांबवून लोंबी धरतो. संशोधकांनी मुद्दाम ३-अ मध्ये असा बदल केला की त्याला १४-३-३ ला धरता येऊ नये. मग असं ३-अ भरपूर असूनही निसवणं पुढे सरकेना. सही होती, पण चेकबुकच मिळालं नाही.

शेंड्यातली गोष्ट झाली. पण यजमानांचं भात अडलं होतं ते त्याच्याही आधी, पानात. तिथे ३-अ तयारच झालं नव्हतं. का, ते बघू.

पानात एचडी-१ नावाचं एक प्रथिन असतं. जपानी संशोधकांनी ते २००० साली शोधलं आणि त्याच्या वागण्याने ते चक्रावून गेले. रात्र लांब असली की हे एचडी-१ निसवायला मदत करतं. रात्र लहान असली की तेच एचडी-१ निसवणं अडवतं. एकच प्रथिन दोन्ही तोंडांनी कसं बोलतं? पुढे २००८ साली चीनमध्ये जीएचडी-७ हे दुसरं प्रथिन सापडलं, आणि २०१६ साली या दोघांची जोडी उघडकीला आली. बैलाचं उदाहरण घ्या. एखादा बैल एका जोडीदाराबरोबर सरळ नांगर ओढतो, आणि दुसऱ्या जोडीदाराबरोबर जुंपला की अडून बसतो. बैल तोच, जोडीदार बदलला. एचडी-१ चं तसंच आहे. दिवस मोठे असले की पानात जीएचडी-७ तयार होतं, ते एचडी-१ शी जोडी करतं, आणि ही जोडी निसवण्याच्या वाटेवरच्या एका महत्त्वाच्या जनुकावर बसून त्याचा उतारा बंद पाडते. दिवस लहान झाले की जीएचडी-७ ओसरतं, एचडी-१ मोकळं होतं आणि ३-अ चा उतारा काढायला हातभार लावतं.

आता दिवा. पानात उजेड ओळखणारं फायटोक्रोम नावाचं प्रथिन असतं. तांबड्या उजेडाने ते जागं होतं, आणि आपल्या दिव्यांच्या उजेडात तांबडा भाग असतोच. लांब रात्रीच्या मध्यावर, नेमक्या त्या वेळी, जीएचडी-७ तयार व्हायची वाट उघडी असते. एरवी बाहेर अंधार असतो, म्हणून कोणी आत शिरत नाही. दिवा असला की शिरतं. जपानात २००५ साली चौदा तासांच्या रात्रीच्या मध्यावर भाताला फक्त दहा मिनिटं उजेड दाखवला. पानातल्या एचडी-१ चा उतारा होता तेवढाच राहिला. ३-अ चा मात्र एकदम बसला. आणि ज्या रोपात तो फायटोक्रोमच बिघडलेला होता, त्याच्यावर दिव्याचा काही परिणाम झाला नाही. आंधळ्याला दिवा काय करणार? आमच्या यजमानांच्या शेतात तर दिवा दहा मिनिटं नव्हे, रात्रभर जळत होता. शेंड्याला कळण्यासारखं काही नव्हतंच, कारण पानाकडून निरोप्याच निघाला नव्हता.

हे सगळं ऐकून कोणी म्हणेल, मग ही रात्र मोजण्याची कटकट भातातून काढूनच का टाकत नाही? काढली आहे. १९६० च्या दशकात तैचुंग नेटिव्ह-१ आपल्याकडे आलं, १९६६ च्या नोव्हेंबरात फिलिपाइन्समधून आयआर-८ प्रसृत झालं, १९६८ साली आपलं जया आलं. ही भातं दिवसाच्या लांबीची फारशी पर्वा करत नाहीत. पेरल्यापासून ठरावीक दिवस झाले की निसवतात, म्हणून पाणी असेल तिथे उन्हाळी भात घेता येऊ लागलं. ज्यांनी या जाती निवडल्या त्यांना एचडी-१ ठाऊक नव्हतं, जीएचडी-७ ही नव्हतं. त्यांनी शेतात उभं राहून डोळ्यांनी निवडलं, आणि नेमकं निवडलं. चीनच्या अगदी उत्तरेला, जिथे थंडी लवकर येते, तिथल्या शेतकऱ्यांनीही पिढ्यान्‌पिढ्या लवकर येणारं भात राखलं. पुढे तपासलं तर त्या भातात जीएचडी-७ मोडकं निघालं.

पण माझं मत विचाराल तर गरव्याची ही सवय खोड म्हणून हिणवू नये. पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात येवो की चौथ्या, लावणी पुढेमागे होवो, गरवा निसवायचा तो ठरल्या पंधरवड्यातच. खोलगट, पाणथळ खाचरात जुन्या लोकांनी गरवाच का धरला? हस्ताचा पाऊस सरून पाणी उतरल्यावर दाणा पिकावा म्हणून. हळव्या भाताला हे घड्याळ नसतं. ते लवकर लावलं तर परतीच्या पावसात सापडतं आणि लोंबीवरच कोंब फुटतात. शिवाय जीएचडी-७ नुसतं अडवत नाही. ते असलं की भात उंच होतं आणि लोंबीत दाणे जास्त धरतं. त्याच्या नावातलं 'जी' हे अक्षर दाण्यांचंच आहे. थांबायला लावणाराच भरून देतो, असा हा व्यवहार आहे. ज्वारीतही याच जीएचडी-७ चं भावंड आहे आणि तेही लांब दिवसांत कणीस अडवून धरतं.

मोटेची आणखी एक गंमत सांगतो. ३-अ ची जागा घेऊ पाहणारे चोर भाऊबंदही शेंड्यात असतात. दिसायला तसेच, १४-३-३ ला तसेच चिकटणारे. पण ते मोटेत बसले की काम उलटं होतं, दाणा धरायची घाई थांबते आणि लोंबीला फांद्या फुटत राहतात. २०१८ साली दिसलं ते असं, की भाताच्या लोंबीला फांद्या किती, हे या दोघांच्या जागेवरच्या ओढाताणीतून ठरतं. आणि बटाट्याचं बघा. दक्षिण अमेरिकेतल्या डोंगरी बटाट्याच्या एका जातीला लांब दिवसांत बटाटे धरत नाहीत. तिच्यात भाताचं ३-अ घातलं, तर लांब दिवसांतही जमिनीखाली बटाटे लागले! हा २०११ सालचा प्रयोग. बटाट्याचं स्वतःचंही असंच एक प्रथिन आहे, आणि तेही तिथल्या १४-३-३ शी मोट बांधूनच काम करतं. निरोप्या त्याच घराण्यातला, मोट त्याच धर्तीची. उघडलं मात्र दुसरंच पान.

आता व्यवहाराचं. ज्यांचं गरवं किंवा निमगरवं भात रस्त्याच्या दिव्याखाली येतं, त्यांनी दिव्याला शेताच्या बाजूने पत्र्याचा आडोसा लावून मागावा. रस्त्यावर उजेड राहतो, शेतात अंधार राहतो. ते न जमलं तर तेवढ्या तुकड्यात दिवसाच्या लांबीला न जुमानणारी जात लावावी. दिवा सप्टेंबर-ऑक्टोबरात नडतो, लोंबी धरायच्या वेळी. दाणा भरत आल्यावर दिवा असला तरी निसवण्याचा प्रश्न उरत नाही.

गुरुजींना एक प्रयोग सुचवतो, खर्च काही नाही. शाळेत शंकेश्वराची सहा-आठ पानांची रोपं दोन कुंड्यांत लावा, उन्हाळी वर्गात किंवा जूनमध्ये, दिवस मोठे असताना. दोन्ही कुंड्या रोज संध्याकाळी पाचला काळ्या कापडाच्या पेटीखाली झाका आणि सकाळी आठला उघडा. एकीच्या पेटीत मात्र रात्री साडेबाराच्या सुमाराला चांगला पाव तास दिवा दाखवा. जवळ राहणाऱ्या मोठ्या माणसाने हे काम घ्यावं, पोरांची झोप मोडू नये. दोन-तीन आठवड्यांनी दोन्ही रोपांचे शेंडे भिंगाखाली ठेवा आणि मुलांना फरक स्वतः शोधू द्या.

आणि ते मेव्हणे? यजमानांनी त्यांना बोलावून घेतलं, बांधावर नेलं, फणसाच्या सावलीतला तो निसवलेला पट्टा दाखवला. मेव्हणे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "भावोजी, दिव्याचं पटलं. पण मग कोजागिरीच्या चांदण्याचं काय? ते तर सगळ्या शेतावर पडतं."

प्रश्न चोख होता. पौर्णिमेचं चांदणं डोळ्यांना लख्ख वाटतं, पण मोजलं तर पाव लक्सच्या आसपास भरतं. लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप. रस्त्याच्या दिव्याखाली त्याच्या कितीतरी पट उजेड असतो. चांदण्याइतक्या फिक्या उजेडाला भाताचं पान सहसा जुमानत नाही, त्याच्या लेखी ती रात्रच. मी हे सांगितलं, तेव्हा त्या दोघांनी आधी आकाशाकडे पाहिलं आणि मग खांबाकडे. पत्र्याचा तुकडा मेव्हण्यांच्याच गोठ्यावर पडून होता. तो आणायला दोघे बरोबर गेले.